तळाशी बसलेला थेंब

प्रिय सरकार,

हे दोन शब्द लिहून मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. या नावानं तुला हाक मारायचा हक्क तुझ्या बाबांचा. लहानपणी तू कमरेवर हात ठेवून हुकूम सोडायचीस म्हणून त्यांनी ते ठेवलं, आणि इतकी वर्षं एका घरात राहूनही मी कधी त्याला हात लावला नाही. तुझं खरं नाव लिहून पाहिलं, तर पत्र शाळेच्या ऑफिसातून आल्यासारखं दिसायला लागलं. नुसतं 'बाळ' लिहिलं, तर तू उडवलेली भुवई मला इथूनच दिसली. तेव्हा आजच्यापुरतं त्यांच्याकडून उसनं घेते. आवडलं नाही तर परत करीन, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तू पाठवलेली पाण्याची बाटली पोचली. जावईबापू स्वतः लॅबच्या खिडकीशी घेऊन आले आणि समोर मी दिसल्यावर ती पाठीमागे लपवावी की पुढे करावी, अशा संकटात पडले बिचारे. "तिनं सांगितलंय, घरचं म्हणून करू नका, रीतसर करा," असं जमिनीकडे बघत म्हणाले. मी रीतसर नोंद केली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, की बाळ वरचं पाणी प्यायला लागायच्या आत तुम्हाला जुन्या घरी राहायला जायचंय, तिथं नळ नाही, मागच्या अंगणातल्या पंपाचंच पाणी आहे, ते बाळाला चालेल का ते तपासून कळवावे. आणि खाली, पेन बदलून, एक ओळ: 'बाबांनी मला जिथं जादू दाखवली ते अंगण बाळाला दाखवायचंय.' बाबा गेल्यापासून तुझ्याकडून आलेला हा पहिला मजकूर. 'कळवावे' माझ्यासाठी होतं. शेवटची ओळ कुणासाठी होती कोण जाणे, पण मी ती ठेवून घेतली आहे.

आधी त्या बाटलीबद्दल. ती सरबताची प्लास्टिकची बाटली होती आणि गळ्याच्या बऱ्याच खालपर्यंतच भरलेली. तुझं काही चुकलं असं नाही, सांडू नये म्हणून वर थोडी जागा कुणीही सोडेल. पण आम्ही पाण्यात जे शोधतो त्यातलं बरंचसं उडून जाणारं असतं. वर मोकळी जागा मिळाली की ते पाण्यातून उठून तिथं जाऊन बसतं, थोडं प्लास्टिकच शोषून घेतं, आणि बूच उघडलं की उरलेलं खोलीभर होतं. अशी बाटली आली की आम्ही ती परत करतो. मी परत केली नाही, कारण ती तुझी होती. तपासून घेतली. तिच्यात काही सापडलं नाही.

'काही सापडलं नाही' एवढंच कळवून मी मोकळी झाले असते, तर तुझ्याकडून मला 'थँक्यू' आलं असतं. कदाचित घरभरणीचं बोलावणंही. हे मी हसत लिहीत नाही. त्या दिवशी कागद हातात घेऊन मी खरंच विचार केला, की ही एक गोष्ट मी तुला हवी तशी देऊ शकते. पण न सापडणं आणि नसणं यात फरक आहे, आणि माझी सगळी नोकरी त्या फरकावर उभी आहे. तुझं बाळ रोज ते पाणी पिणार आहे. कागदावरचं 'नाही' काही ते पिणार नाही.

तू पहिल्यांदा लॅबमध्ये आलीस तो दिवस तुला आठवतो का? शाळा लवकर सुटली होती, बाबांना कुणाचं तरी अडलेलं शिलाई मशीन दुरुस्त करून द्यायचं होतं, म्हणून ते तुला माझ्यापाशी सोडून गेले. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तू उंच स्टुलावर बसलीस आणि भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे असं काही बघत राहिलीस, की जणू मला विझवायला ते पुरेल का याचा हिशेब चाललाय. मग मी अ‍ॅसिटोनची बाटली उघडली, आणि तू एकदम म्हणालीस, "हे तर नेलपेंट पुसायचं!" तू न विचारता माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तेवढ्या आनंदात मी तुला सगळी कृती दाखवली.

आमच्याकडे तिला द्रव-सूक्ष्मनिष्कर्षण असं लांबलचक नाव आहे. तुला मी म्हटलं, हा थेंबाचा खेळ. टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं. त्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि असतं ते इतकं कमी की थेट यंत्रात घातलं तर यंत्रालाही दिसत नाही. मग एक जड द्रावक घ्यायचं, तेलासारखं, ज्याचं पाण्याशी पटत नाही. पण पाण्यात लपलेल्या त्या परक्या गोष्टींना तेच जवळचं वाटतं. अडचण अशी, की ते नुसतं ओतलं तर गोळा होऊन कोपऱ्यात बसतं, सगळ्या पाण्याची भेटच होत नाही त्याला. म्हणून ते आधी अ‍ॅसिटोनमध्ये मिसळायचं, कारण अ‍ॅसिटोनचं दोघांशीही पटतं, आणि मग सिरिंजनं एका झटक्यात पाण्यात सोडायचं. नितळ पाणी क्षणात दुधासारखं पांढरं होतं. तू तोंडावर हात ठेवला होतास. ते पांढरं म्हणजे द्रावकाचे असंख्य कण, पाण्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन पोचलेले. मग नळी यंत्रात घालून गरगर फिरवायची. पाणी पुन्हा नितळ होतं, आणि निमुळत्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब बसलेला असतो. पाण्यात जे जे लपलं होतं ते आता त्याच्या पोटात. तो सुईनं उचलायचा आणि दुसऱ्या यंत्राला द्यायचा. आत काही असलं, की कागदावर सुळका उठतो.

"एवढ्या मोठ्या माणसाचं एवढं मोठं काम," तू म्हणालीस, "आणि शेवटी एवढासाच थेंब?" घरी जाऊन बाबांना सांगितलंस, "ती दिवसभर थेंब काढते." दुसऱ्या दिवसापासून मी थेंबवाली. आधी पाठीमागे, मग भांडण झालं की तोंडावर. बाबा तुला ओरडायचे, आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, ओरडू नका हो, काहीतरी म्हणतेय ना ती मला.

त्या दिवसांतली जेवणं आठवतात? तू माझ्याशी बोलत नव्हतीस, म्हणून सगळा व्यवहार बाबांच्या मार्फत. "बाबा, त्यांना सांगा मीठ द्या." मीठ माझ्या हातातून बाबांच्या हातात, तिथून तुझ्याकडे. एकदा मीठदाणी हातात धरून ते म्हणाले, "म्हणजे मी तुमच्या लॅबमधला अ‍ॅसिटोन झालो! दोघींत विरघळून मरायचं, आणि कौतुक मात्र त्या थेंबाचं." आपण दोघी एकदम हसलो. एकाच वेळी हसतोय हे लक्षात आल्यावर एकाच वेळी गप्पही झालो. ते मात्र हसतच राहिले, खोकला लागेपर्यंत.

आता ते नाहीत. त्यांचा चष्मा अजून फ्रीजवर आहे, मी तो उचलून पुसते आणि तिथंच ठेवते. आपल्या दोघींचं काय झालं ते तुलाही दिसतंय. कुणी ढवळणारं नसलं की दोन थर आपापल्या जागी जाऊन बसतात. त्यात कुणाचा राग नसतो, तो त्यांचा स्वभाव असतो. भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली आणि तू तुझ्या घरी गेलीस, तेव्हा दारात म्हणालीस, "येते मी. तुम्ही काळजी घ्या." मी म्हटलं, "हो, तूही." एवढ्या वर्षांनंतर दोन परक्या बायका बस स्टॉपवर बोलतील तेवढंच.

तर, बाटलीतलं 'नाही' मला पटलं नाही म्हणून मी स्वतः जुन्या घरी गेले. सुट्टीच्या दिवशी, सकाळीच. लॅबमधल्या काचेच्या बाटल्या बरोबर घेतल्या. बाबांची दुरुस्तीची मागची शेड उघडली, तर सगळं होतं तसंच. स्टँडवरून उतरवून ठेवलेली शिलाई मशीनं रांगेत, प्रत्येकाच्या मानेला चिठ्ठी: 'टाका सुटतो', 'आवाज करते', आणि एकावर त्यांच्या अक्षरात 'काही झालेलं नाही, बाईंना गप्पा मारायच्या असतात'. मी तिथल्या स्टुलावर बसून हसले, आणि मग मला उठवेना. टेबलाखाली तो पत्र्याचा पसरट डबा होता, ज्यात ते मशीनचे भाग भिजत घालायचे. वंगण काढायचं ते द्रावण, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं, गोडसर वासाचं. डबा कोरडा होता, पण वास अजून होता. त्यांच्या शर्टांनाही तो यायचा. मला आवडायचा.

पंप बराच वेळ हापसत राहिले, म्हणजे पाइपातलं शिळं पाणी जाऊन जमिनीतलं ताजं यावं. मग बाटल्या भरल्या. पुढे कधी भरायची झाली तर तुलाही यावी म्हणून सांगते: बाटली काचेची हवी. धार काठावरून हळू सोडायची, बुडबुडे होऊ द्यायचे नाहीत. काठोकाठ भरली तरी थांबायचं नाही, पाण्याला तोंडावर थोडं फुगून उभं राहू द्यायचं, आणि त्या फुगवट्यावरून झाकण बाजूनं सरकवत आणायचं. घट्ट केल्यावर बाटली उलटी करून बोटानं टिचकी मारायची. आत एकही बुडबुडा फिरताना दिसला नाही, तर भरली. दिसला, तर ओतून पुन्हा भरायची.

आपल्या माणसाचा नमुना आपण स्वतः करायचा नाही, ही आमच्या टेबलाची पद्धत आहे. हात थरथरतो म्हणून नव्हे, तर मन कागदावरचा सुळका वाकवून वाचतं म्हणून. मी बाटल्यांवर नुसते क्रमांक टाकले आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दिल्या. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, फक्त काम करताना गुणगुणते. दुपारी गुणगुणणं थांबलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हा कुठला आहे हो? हे कुणी पितंय का? पिऊ नका म्हणावं." मी म्हटलं, "पुन्हा कर." तिनं पुन्हा केला. शेजारी नितळ, काहीही नसलेलं पाणी त्याच नळ्यांतून, त्याच सुईनं करून पाहिलं, म्हणजे घाण आमच्याच भांड्यांतली नाही याची खात्री व्हावी. त्याचा कागद कोरा आला. पंपाच्या पाण्याचा सुळका मात्र दर वेळी त्याच जागी उठला.

पाण्यात वंगण काढायचं द्रावण आहे, सरकार. चव नाही, रंग नाही. ग्लासभर प्यायल्यानं काही होत नाही. पण रोज थोडं थोडं पोटात गेलं तर आधी यकृताला आणि मग सगळ्यालाच ते सोसत नाही, आणि अंगानं जितकं लहान तितकं कमी सोसतं. उकळून घेऊ म्हणशील, तर ते पाण्यातून उठून स्वयंपाकघराच्या हवेत येईल आणि कडेवरचं बाळ ती हवा घेईल. बाळाची आंघोळसुद्धा त्या पाण्यानं नको. पूर्वी एकदा आम्ही त्या पंपाचं पाणी तपासलं होतं, तेव्हा क्षार आणि जंतू बघितले होते, ते ठीक होते, आजही ठीकच आहेत. हे खालपर्यंत झिरपायला वर्षं लागली असणार.

आता तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. तू दुसरीत असताना आम्ही तुला त्या घरातून या फ्लॅटमध्ये आणलं. तुझ्या आईचं घर ते. टेम्पो दारात उभा होता आणि तू पंपाचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होतास, बाबांनी एकेक बोट सोडवलं. मी टेम्पोपाशी उभी होते. पुढे यावं की नाही ते मला कळत नव्हतं. आणि आज पुन्हा मीच सांगतेय, तिथं राहू नकोस. तुला वाटेल, या बाईनं ते घर दोनदा काढून घेतलं. म्हणून सांगते, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. वर लिहिलंय तशी बाटली स्वतः भर, आणि जिथं मला कुणी ओळखत नाही अशा दुसऱ्या लॅबमध्ये दे. त्यांना माझं नावही सांगू नकोस. त्यांचा कागद वेगळा आला, तर मी दारात येऊन तुझी माफी मागेन आणि इतका आनंद मला दुसऱ्या कशाचा होणार नाही.

घर कुठं जात नाही. त्या रस्त्याला नळ येईल असं म्हणतात, आला की जा राहायला, मी पडदे शिवून देईन. तोवर दुपारी बाळाला घेऊन अंगणात बस, पिण्याचं पाणी बरोबर ने. आणि एक गोष्ट, बाबांची. आपण फ्लॅटमध्ये आल्यावरही ते कामाला त्याच शेडमध्ये जायचे आणि तिथं पंपाचंच पाणी प्यायचे, मी दिलेला फ्लास्क भरलेलाच परत यायचा. पण त्यांचं हृदय थांबलं, ते त्यांच्या वडिलांचं थांबलं तसंच, आणि डॉक्टरांनी ते मला नीट समजावून सांगितलंय. मीही या दोन गोष्टी जोडून पाहिल्या, खूप दिवस. जोडायला काही पुरावा नाही. तू जोडू नकोस.

अहवाल टपालानं वेगळा येईल, सहीशिक्क्याचा. पाण्यात काय आहे आणि किती आहे एवढंच अहवालात असतं. ते आलं कुठून, हे अहवाल विचारत नाही. पण तू विचारशील. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदीचे हात पुढे धरून बसली होतीस आणि मी तुला घास भरवत होते, तेव्हा तू मला आपणहून एक गोष्ट सांगितलीस. इतक्या वर्षांत आपणहून सांगितलेली ती एकच. काम आटोपलं की बाबा तो पत्र्याचा डबा तुझ्या हातात द्यायचे, तू तो दोन्ही हातांनी सांभाळत भिंतीच्या पायथ्याशी न्यायचीस आणि ओतायचीस, आणि मग दोघं उकिडवे बसून बघायचात. ओला डाग बघता बघता सुकून जायचा. बाबा विचारायचे, "कुठं गेलं?" आणि तू ओरडायचीस, "गायब!" ते गायब झालं नव्हतं गं. खाली चाललं होतं. डब्यावर तसं कुणी लिहिलेलं नव्हतं, आणि मशीन दुरुस्त करणारे सगळेच तेव्हा असंच ओतायचे. जमिनीत जिरलं की संपलं, असंच सगळ्यांना वाटायचं. ते तुझ्याबरोबर खेळत होते, आणि तू खूप लहान होतीस. त्या अंगणात एवढंच घडलं. पण अहवालातलं नाव वाचून एखाद्या संध्याकाळी, बाळ मांडीवर असताना, तुला तो डबा आठवला असता आणि तू एकटीनं हिशेब जुळवला असतास. त्या वेळी तू एकटी असू नयेस, त्या आठवणीच्या आधी मी तुझ्यापर्यंत पोचावं, म्हणून हे पत्र. आता हे दोघींना माहीत आहे, तिसऱ्या कुणाला सांगायची गरज नाही. तुझी खोली आहे तशीच आहे. इथल्या नळाचं पाणी मी कितीदा तरी तपासलंय. बाळाला घेऊन ये. 'तुम्ही' म्हण, काहीही म्हण, पण मीठ हवं असलं की मलाच माग.

तुझीच,
थेंबवाली